न्याय आणि दया : उपासनेनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत रविवारी बायबल अभ्यास होतो. चहाचे कप रिकामे झाले की प्रश्न सुरू होतात आणि उरलेले रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतात. सात-आठ वर्षांत सगळ्यात जास्त आलेले प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: देव न्याय करणार की माफ करणार? तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ही यादी.

मी पाळक नाही. जिल्हा न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, म्हणजे प्रॉटेस्टंट, बायको कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचं रोज कानावर पडतं. जिथे मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती पंथांमध्ये, मतभेद आहेत तिथे ते सांगितले आहेत, आणि माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

१. न्यायाचा दिवस म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाचा इतिहास असाच चालत राहून विरून जाणार नाही. येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि प्रत्येकाचं आयुष्य देवापुढे उघडं होईल. चौथ्या शतकापासून म्हटल्या जाणाऱ्या नायसीन मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, हे स्पष्ट आहे: जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने पुन्हा येईल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं इथपर्यंत एकमत आहे.

बायबलमध्ये या दिवसाची चित्रं अनेक आहेत. प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात उघडलेली पुस्तकं आहेत, मत्तयाच्या २५व्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी करणारा मेंढपाळ आहे. ही चित्रं नकाशासारखी वाचू नयेत. सांगायचं आहे ते इतकंच की काहीही दडपलं जाणार नाही. ज्यांची फिर्याद या जगात कोणी नोंदवूनच घेतली नाही, त्यांना ही बातमी चांगली वाटते. घाबरायचं कोणी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

२. न्याय कोण करणार, देवबाप की येशू?

योहानाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो की पित्याने न्याय करण्याचं सगळं काम पुत्राकडे सोपवलं आहे. म्हणजे न्यायासनावर बसणारा स्वतः माणूस होऊन गेलेला आहे. त्याला भूक माहीत आहे, खोटे साक्षीदार माहीत आहेत, अन्यायाने झालेली शिक्षाही माहीत आहे. हा मुद्दा पुढे प्रश्न ४मध्ये लागेल.

३. दया, कृपा, क्षमा हे सगळं एकच ना?

जवळजवळचं आहे, पण एकच नाही. जी शिक्षा मिळायला हवी होती ती न मिळणं ही दया. जे मिळण्याचा काहीच हक्क नव्हता ते मिळणं ही कृपा. आणि तुटलेलं नातं पुन्हा जोडण्यासाठी समोरच्याचा अपराध त्याच्या माथी न ठेवणं ही क्षमा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक १५) तिन्ही दिसतात: बाप मुलाला हाकलून देत नाही ही दया, अंगठी घालून मेजवानी देतो ही कृपा, आणि मुलाचं पाठ केलेलं माफीचं भाषण संपायच्या आत त्याच्या गळ्यात पडलेला असतो ही क्षमा.

जुन्या करारातला ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. दिलेल्या शब्दाला जागणारी, न संपणारी माया असा त्याचा भाव आहे. मराठी भाषांतरांत तो कुठे ‘दया’ तर कुठे ‘वात्सल्य’ होतो.

४. देव न्यायीही आहे आणि दयाळूही. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं? एकाने माफ केलं तर न्याय कुठे राहिला?

सगळ्या यादीतला हा खरा प्रश्न. बाकीचे याच्याच फांद्या आहेत.

नागपुरात ‘दया’ आणि ‘न्याय’ हे शब्द एकत्र आले की पुष्कळांना वर्धा रोडवरचं सेंट्रल जेल आणि दयेचा अर्ज आठवतो. आपल्या राज्यघटनेत ही दोन कामं दोन जागी ठेवली आहेत. शिक्षा कोर्ट देतं. माफी कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे किंवा कलम १६१ खाली राज्यपालांकडे मागायची असते. न्यायाधीशाने दया दाखवत बसायचं नाही आणि राष्ट्रपतींनी खटला पुन्हा चालवायचा नाही. खुर्च्या वेगळ्या असल्यामुळे गोंधळ होत नाही.

पुष्कळ ख्रिस्ती लोकांच्या मनात देवाचंही असंच चित्र असतं. बाप न्यायाधीश, कडक. येशू दयेचा अर्ज घेऊन धावणारा. संडे स्कूलमध्ये मीही असंच शिकलो होतो आणि ते चूक आहे. ख्रिस्ती विश्वासात खुर्ची एकच आहे. न्याय करणारा आणि क्षमा करणारा एकच देव आहे. म्हणून तर प्रश्न अवघड होतो.

कोर्टात एक गोष्ट मी रोज पाहिली. आरोपी सुटला की त्याच्या घरचे हात जोडतात, पण बाहेरच्या बाकावर फिर्यादी बसलेला असतो. न्यायाधीश ‘बरं, जाऊ दे’ म्हणाला तर ती दया फिर्यादीच्या खिशातून काढून दिलेली असते. देव नुसता ‘जाऊ दे’ म्हणू शकत नाही, तो यामुळेच. तसं केलं तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं दुःख त्याने फुकटात मोडीत काढलं असं होईल.

ख्रिस्ती उत्तर वधस्तंभापाशी आहे. न्यायाधीश खुर्चीवरून उतरला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात प्रेषित पौल नेमकं हेच म्हणतो: देव स्वतः नीतिमान राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. किंमत रद्द झाली नाही, ती देवाने स्वतः सोसली. मात्र इथे एक गफलत फार होते. रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारलं, असं हे नाही. पौलाचेच शब्द आहेत की ख्रिस्तामध्ये देव जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५). मारणारा एक आणि सोसणारा दुसरा असे दोन देव नाहीत.

वधस्तंभाने हे कसं साधलं याची स्पष्टीकरणं अनेक आहेत. आरंभीच्या मंडळीला ख्रिस्ताने मृत्यू आणि सैतानावर मिळवलेला विजय महत्त्वाचा वाटला. ११व्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आन्सेल्मने देवाच्या मानाचं फेडलेलं ऋण अशी मांडणी केली. पुढच्या शतकात पीटर अबेलार्डने भर दिला तो त्या प्रेमाने माणसाचं मन पालटतं यावर. १६व्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी कायद्याची भाषा वापरली. कोणत्याही एका मांडणीला सार्वत्रिक परिषदेने अधिकृत ठरवलेलं नाही. पिंजऱ्याचा माझा दृष्टान्तही एका कारकुनाचाच आहे, एका मर्यादेपुढे तो ताणू नये.

५. जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, असं का?

असं नाहीच. हे म्हणणारा पहिला प्रसिद्ध माणूस मार्सियन. त्याने जुना करार टाकून द्यायचा आग्रह धरला आणि इ. स. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं.

निर्गमाच्या ३४व्या अध्यायात देव स्वतःची ओळख ‘दयाळू व कृपाळू, मंदक्रोध’ अशी करून देतो. सदोम शहर वाचावं म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो ती उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात वाचा. पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करून दहापर्यंत खाली येतो आणि देव प्रत्येक वेळी हो म्हणतो. आपल्या बर्डीच्या बाजारातही इतकी सूट मिळत नाही. उलट नरकाबद्दलचे सगळ्यात धारदार शब्द नव्या करारात आहेत आणि ते येशूच्या तोंडचे आहेत.

योना मात्र पूर्ण वाचा, चारच अध्याय आहेत. मासा सगळ्यांना आठवतो. गोष्टीचा शेवट असा की निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने अरिष्ट टाळलं आणि त्यामुळे संदेष्टा रागावून बसला. देवाच्या दयेचा राग येणारे धार्मिक लोक तेव्हाही होते.

६. कृपेनेच तारण (पापातून सुटका) होतं तर चांगली कामं कशाला?

इफिसकरांस पत्र म्हणतं, कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण, कर्मांनी नव्हे. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. यावरून १६व्या शतकात युरोप दुभंगला. ३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कुठल्या गुणामुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी सामर्थ्य देते. २००६मध्ये मेथडिस्टही सामील झाले. आमच्या घरातलं भांडण त्यामुळे बरंच निवळलं, पूर्ण नाही.

कामांनी तारण विकत मिळत नाही, पण मत्तय २५मध्ये न्याय होतो तो भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का यावरच. तिथे कोणालाही मतांगिकार पाठ म्हणून दाखवायला सांगितलेलं नाही.

७. न्याय मेल्याबरोबर होतो की शेवटच्या दिवशी? मधल्या काळात माणूस कुठे असतो?

कॅथलिक शिकवण दोन न्याय मानते. मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र. देवाच्या मैत्रीत मेलेला पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जातो. तिलाच पर्गेटरी म्हणतात. फ्लॉरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) इथल्या परिषदांनी ही शिकवण मांडली. लक्षात घ्या, पर्गेटरी म्हणजे नापासांसाठी दुसरी परीक्षा नाही. तिथे पोचलेला प्रत्येक जण पास झालेलाच असतो.

प्रॉटेस्टंट मंडळ्या पर्गेटरी मानत नाहीत. विश्वासी माणूस मरताच ख्रिस्तापाशी जातो आणि शेवटच्या दिवशी शरीराने उठतो, असं बहुतेक मानतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत जणू झोपेत असतो.

८. “देव येवढा दयाळू हाय त मंग नरक कायले?”

प्रश्न जसा आला तसाच ठेवला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलाचा आहे, आणि यापेक्षा चांगला शब्दांत मांडता येणार नाही.

येशू ‘गेहेन्ना’ हा शब्द वापरतो. यरुशलेमला लागून असलेल्या हिन्नोमच्या खोऱ्याचं ते नाव. राजांच्या काळात तिथे मुलांचे होम दिले गेले होते आणि यिर्मयाने त्या जागेला शाप दिला होता. म्हणजे ऐकणाऱ्यांपुढे पाताळातली कढई नव्हती. माणसाने माणसाच्या लेकरांचं काय केलं, ते आठवण करून देणारी खरी जागा होती.

नरकाबद्दल ख्रिस्ती विचारात मुख्य मतं तीन. पहिलं आणि सर्वांत प्रचलित: देवापासूनचा वियोग कायमचा असतो. दुसरं: देवाला नाकारणारे शेवटी नाहीसे होतात, अनंतकाळ छळले जात नाहीत. ॲडव्हेंटिस्ट हे मानतात. तिसरं: शेवटी सगळे देवाकडे परततील. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी अशी आशा बाळगत होता. बहुतेक मंडळ्या ते ठाम सिद्धांत म्हणून नाकारतात. पण सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २), त्यामुळे तशी प्रार्थना करायला कोणी बंदी घातलेली नाही.

कॅथलिक धर्मशिक्षण (कॅटेकिझम हा अधिकृत ग्रंथ) नरकाची व्याख्या देवापासून ‘स्वतःला वगळून घेणं’ अशी करतं. मला ती पटते. लूक १५मधला उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ आठवा. आत मेजवानी चालू आहे, बाप बाहेर येऊन विनवतो आहे, आणि तो अंगणात उभा राहून आत यायला नकार देतो आहे. त्याला कोणी कोंडलेलं नाही. दयाळू देवसुद्धा कोणाला ओढत आत नेत नाही. पुढे तो आत गेला की नाही, ते येशूने सांगितलंच नाही.

९. माझे शेजारी ख्रिस्ती नाहीत, पण माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांचा न्याय कसा होईल?

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी धर्म बदलला, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. आमच्या गल्लीत एका बाजूला बौद्ध कुटुंब, दुसरीकडे कोष्टी, समोर मुसलमान. कोरोनात आमच्या दारात डबा कोणी ठेवला हे मला पक्कं आठवतं.

मंडळ्यांमध्ये इथे खरा मतभेद आहे. इव्हँजेलिकल मंडळ्या ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ (योहान १४) याचा अर्थ असा घेतात की येशूवर जाणीवपूर्वक विश्वास हवा. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि विवेकाने सांगितलेलं आचरतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पौलही रोमकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात नियमशास्त्र नसलेल्यांच्या हृदयावर लिहिलेल्या नियमाबद्दल बोलतो. दोन्ही बाजू एक गोष्ट मान्य करतात: तारण झालं तर ते ख्रिस्तामुळेच. वाद आहे तो माणसाला हे माहीत असणं आवश्यक आहे का, एवढ्यावर.

माझं म्हणाल तर शेजाऱ्याचा निकाल लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. मत्तय २५मध्ये दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, हे मी विसरत नाही. आणि शेजाऱ्याला ‘तुम्ही नरकात जाल’ असं ऐकवणाऱ्या आमच्याच काही उत्साही तरुणांना मी चहा पाजून घरी पाठवतो.

१०. हा शेवटी कर्माचाच सिद्धांत झाला ना? पेरावं तसं उगवतं.

‘माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळेल’ हे वाक्य गलतीकरांस पत्रातही आहे, त्यामुळे साम्य खोटं नाही. फरक दोन. बौद्ध विचारात कर्माच्या फळासाठी न्यायाधीश देवाची गरज नाही, तो नियम आहे. ख्रिस्ती विचारात समोर व्यक्ती आहे आणि व्यक्तीकडे विनवणी करता येते. दुसरा फरक, इब्री लोकांस पत्र म्हणतं की माणसाला एकदाच मरायचं आहे आणि मग न्याय. पुढचा जन्म नाही. म्हणून क्षमेचं महत्त्व इतकं वाढतं.

११. घरात एकामागून एक आजारपण आलं. देव कशाची तरी शिक्षा देतो आहे का?

नाही म्हणायला मी कचरत नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले तेव्हा ते इतरांपेक्षा मोठे पापी होते का, यालाही त्याने सरळ नकार दिला (लूक १३). ईयोबाच्या मित्रांनी असंच शोधून काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

‘तुमच्या घरात शाप आहे, अमुक रकमेची विशेष प्रार्थना करवून घ्या’ असं कोणी सांगत असेल, तर पैसे ठेवा आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जाऊन तपासण्या करून घ्या. प्रार्थना आम्ही फुकट करतो.

१२. आयुष्यभर लोकांना लुबाडलं आणि मरताना ‘प्रभू, क्षमा कर’ म्हटलं. चालतं?

येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या गुन्हेगाराचं चाललं (लूक २३). त्याला ना बाप्तिस्मा मिळाला, ना चांगली कामं करायला वेळ. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ एवढं मिळालं.

आपल्याला हे अन्यायाचं वाटतं हे येशूला माहीत होतं. त्यावर त्याने द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली (मत्तय २०). ती आपल्याकडे सहज कळते. सकाळी ठिय्यावर मजूर उभे असतात, सहाला नेलेल्यालाही पूर्ण रोजी आणि संध्याकाळी पाचला नेलेल्यालाही पूर्ण रोजी. काटोलच्या संत्र्याच्या बागेत कोणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी सहाला कोणी येणार नाही, असं एका शेतकऱ्याने मला ऐकवलं होतं. व्यवहार म्हणून त्याचं बरोबर आहे. पण मालकाने पाचला उभे असलेल्यांना विचारलेला प्रश्न पाहा: दिवसभर रिकामे का उभे? ‘आम्हाला कोणी कामाला लावलं नाही.’ त्यांच्याही घरी चूल होतीच.

‘मग मीही शेवटीच पश्चात्ताप करेन’ हा बेत मात्र फसवा आहे. ज्याला आज खरं वाटत नाही त्याला उद्या आपोआप वाटेल, याची हमी नाही. लुबाडलेल्यांच्या नुकसानीचं काय, यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

१३. क्षमा केली म्हणजे पोलिसांतली तक्रार मागे घ्यायची का? नवरा मारतो, आणि मंडळीतले म्हणतात ‘सत्तर वेळा सात’ माफ कर.

तक्रार मागे घेऊ नका.

क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. पुरावा पुसणं, मार खात राहणं किंवा गुन्हेगाराला मोकळं सोडणं नव्हे. जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा लुबाडलेल्यांना चौपट परत करायची तयारी दाखवली (लूक १९), आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे येशू त्यानंतर म्हणाला. रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय गुन्ह्याला शिक्षा देणं हे शासनाचं काम मानतो. मारणारा खरंच पस्तावला असेल तर तो परिणाम भोगायला तयार होईल. तुम्हाला गप्प बसवायला वचनं शोधणार नाही.

प्रश्न ४मध्ये सांगितलेला बाकावरचा फिर्यादी म्हणजे इथे तुम्ही आहात. देव तुम्हाला ओलांडून दया करत नाही. मंडळीनेही करू नये. मारहाण होत असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. आधी सुरक्षित जागी जा, क्षमेचं नंतर पाहू.

१४. कधीच क्षमा होणार नाही असं पाप आहे म्हणतात. माझ्याकडून ते घडलं असेल तर?

मार्काच्या ३ऱ्या अध्यायातली ही गोष्ट आहे. येशू लोकांना बरं करत होता आणि शास्त्री म्हणत होते की हे सैतानाच्या बळावर चाललं आहे. पवित्र आत्म्याचं काम डोळ्यांपुढे दिसत असताना जाणूनबुजून त्याला वाईट ठरवणं, ही ती निंदा. ऑगस्टीनने याचा अर्थ शेवटपर्यंत पश्चात्ताप नाकारणं असा लावला. तिथे देवाची दया कमी पडत नाही, घेणाऱ्याने हात मागे घेतलेला असतो.

रागात तोंडून गेलेला शब्द, तरुणपणी बाळगलेली नास्तिकता, गर्भपात, व्यसन यांपैकी काहीही ते पाप नाही. तुम्हाला भीती वाटते आहे, यावरूनच तुमचं मन बंद झालेलं नाही हे दिसतं.

१५. भावाने आत्महत्या केली. त्याला देव स्वीकारेल का?

विदर्भात हा प्रश्न किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको.

बायबलमध्ये शौलाचा शेवट आहे, अहिथोफेलाचा आहे. ते दुःखाने सांगितलेले आहेत, पण आत्महत्या करणारा प्रत्येक जण नरकात जातो असा नियम कुठेही दिलेला नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात अशा लोकांना चर्चचा अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३च्या कायद्यात ती राहिली नाही. १९९२चं धर्मशिक्षण म्हणतं की गंभीर मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो अशांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. म्हणून त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. जुन्या पिढीतल्या कोणी तुम्हाला याउलट काही सुनावलं असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा.

आणि हा प्रश्न भावाबद्दल नसून स्वतःबद्दल असेल, तर आत्ताच कोणाला तरी सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

१६. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बाळ गेलं. काय समजायचं?

मध्ययुगात ‘लिंबो’ ही कल्पना निघाली: ना स्वर्ग, ना यातना. ती चर्चचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हती. आजचं कॅथलिक धर्मशिक्षण अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं, आणि २००७मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर कारणं आहेत असं म्हटलं. प्रॉटेस्टंट लोक दावीदाचे शब्द आठवतात: बाळ माझ्याकडे परत येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२). बाप्तिस्मा लांबवला म्हणून आईने स्वतःला दोष देऊ नये. देव संस्कारांच्या रजिस्टरला बांधलेला नाही, हे मी तीस वर्षं रजिस्टरं सांभाळलेला माणूस म्हणतो आहे.

१७. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी का?

प्रश्न ७वर अवलंबून आहे. कॅथलिक करतात. २ नोव्हेंबरला दफनभूमीत कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात, मिस्सा अर्पण करतात. आमच्याकडे मृताबद्दल देवाचे आभार मानतात आणि त्याला देवाच्या हाती सोपवतात. मी दरवर्षी बायकोबरोबर जातो आणि माझ्या सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. पाळकसाहेबांना ठाऊक आहे.

१८. न्यायाच्या दिवसाची तारीख व्हॉट्सॲपवर आली आहे. पुढे पाठवू का?

नको. मत्तय २४:३६: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही.

१९. मी माफ करूच शकत नाही. ‘जशी आम्ही आमच्या ऋण्यांस त्यांची ऋणे सोडली आहेत’ म्हणताना जीभ अडते. मग मलाही क्षमा नाही का?

प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच येशूने हे बजावलं आहे (मत्तय ६), त्यामुळे मी ते पातळ करून सांगू शकत नाही. निर्दय चाकराची गोष्टही तीच आहे (मत्तय १८). हिशेब करून पाहा. एक दिनार म्हणजे एका दिवसाची रोजी, एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. चाकराला दहा हजार तालांत माफ झाले, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि त्याने सोबत्याची मानगूट धरली ती शंभर दिनारांसाठी. शंभर दिवसांची रोजीही लहान नाही, हे विसरू नका. सोबत्याचं कर्ज खरंच होतं. तुमच्यावर झालेला अन्यायही खराच आहे.

पण ‘करणार नाही’ आणि ‘जमत नाही’ यात फरक आहे. चाकराने करणार नाही म्हटलं. तुम्ही जमत नाही म्हणता आहात, आणि त्याचा त्रासही होतो आहे. तेवढी ओळ आली की गप्प राहा आणि मनात म्हणा, प्रभू, हे अजून होत नाही. मी एका माणसाच्या बाबतीत अकरा वर्षं तेच म्हणत होतो. बाराव्या वर्षी तो बर्डीवर भाजी घेताना दिसला, म्हातारा झाला होता, पिशवी उचलवत नव्हती. मी रिक्षापर्यंत पोचवली. घरी येऊन पुन्हा राग आला, तो भाग वेगळा.